नियमाचा गज आणि विवेक

एखादा प्रश्न कठीण आहे असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां दोन अगदीं निराळ्या गोष्टींना आपण एकच नांव देत असतों. कापडाच्या सत्तावीस ताक्यांची किंमत तोंडीं काढणें कठीण आहे; आणि म्हातारपणीं आईनें कोणत्या मुलाकडे राहावें हें ठरविणेंहि कठीण आहे. पण पहिल्या प्रश्नाचें उत्तर आधींच ठरलेलें आहे. आपणांस तें केवळ शोधावयाचें असतें. दुसऱ्याचें उत्तर कोठेंहि ठेवलेलें नाहीं. तें आपणच घडवावयाचें आणि घडविल्यावर त्याचें ओझेंहि आपणच वाहावयाचें. पहिल्यांत चूक झाली तर गुणाकार पुन्हां करतां येतो. दुसऱ्यांत आईचीं उरलेलीं वर्षें पुन्हां मिळत नाहींत. या दोहोंच्या दरम्यान प्रश्नांचा एक तिसरा आणि संख्येनें बहुधा सर्वांत मोठा वर्ग आहे. त्यांतील कांहीं भाग हिशेबाचा असतो व कांहीं भाग माणसाच्या पारखीचा. हातांत आलेला प्रश्न या तिहींपैकीं कोणत्या वर्गांतील आहे हें ओळखणें केवळ चातुर्याचें काम आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तें त्याहून अधिक नीतीचें काम आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. व त्याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

हें वर्गीकरण पाश्चात्य व्यवस्थापनशास्त्रानें अलीकडे शास्त्रशुद्ध केलें. अमेरिकन पंडित हर्बर्ट सायमन यांनीं १९६० सालीं निर्णयांचे दोन ध्रुव कल्पिले. एका ध्रुवावर वारंवार येणारे व ज्यांची रीत ठरून गेली आहे असे निर्णय; दुसऱ्यावर नवे, एकदांच येणारे व पूर्वींची कोणतीहि रीत ज्यांना लागू पडत नाहीं असे. सायमन यांना पुढें १९७८ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९७१ सालीं गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या अभ्यासकांनीं मधला वर्ग स्पष्ट मांडला. १९७३ सालीं रिटेल व वेबर यांनीं नगररचनेचा विचार करतांना असें दाखविलें कीं, कांहीं प्रश्नांची नुसती व्याख्या करणें हेंच ते सोडविण्याइतकें अवघड असतें. आतां थांबावें अशी खूण त्यांत कोठेंच नसते. आणि त्यांवरील उपाय 'करून पाहूं' म्हणण्याची सोय नसते, कारण केलेल्या प्रत्येक उपायाचा परिणाम मागें उरतोच.

या तीन वर्गांस आपण बद्ध, अर्धबद्ध आणि मुक्त अशीं नांवें देऊं. तिसऱ्या वर्गास 'अबद्ध' म्हणणें अधिक सरळ झालें असतें. पण मराठींत अबद्ध म्हणजे अशुद्ध किंवा चुकीचें. जें बांधलेलें नाहीं तें चुकलेलेंच असलें पाहिजे, हा संशय आपल्या भाषेंतच मुरलेला दिसतो. तो संशय कितपत योग्य आहे, हें पुढें दिसून येईलच.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. नागपुरांतील गांधीबागेचें नांव घेतांच वैदर्भीय वाचकाच्या डोळ्यांपुढें बागेच्या आधीं कापड उभें राहतें. इतवारी आणि महाल यांच्या शेजारची ही पेठ ठोक कापडाची व हातमागाच्या मालाची. येथील कोणत्याहि दुकानांत तास दोन तास बसलें, तर वरील तिन्ही वर्ग एकाच गादीवर भेटतात. गिऱ्हाइकानें दहा मीटर मागितलें म्हणजे पट्टीनें दहा मीटर मोजावयाचें, ठरलेल्या दरानें किंमत व तीवरील कर लावावयाचा आणि पावती फाडावयाची. हा बद्ध प्रश्न. येथें नोकरानें गिऱ्हाइकाचें तोंड पाहून 'विचार' करूं लागावें, हेंच धोक्याचें.

दुसरा प्रसंग. उमरेडकडील एखादा किरकोळ दुकानदार दिवाळीच्या तोंडावर येतो आणि लाखाचा माल उधार मागतो. मागची बाकी किती होती व ती किती दिवसांनीं फिटली, हें खतावणी बिनचूक सांगते. पण यंदा त्याच्या भागांत पाऊस वेळेवर झाला कीं नाहीं, कपाशीवर बोंडअळी पडली काय, मुलगा दुकानांत लक्ष घालतो कीं नाहीं, हें खतावणीच्या कोणत्याहि रकान्यांत नसतें. अर्धा निर्णय वही करते. उरलेला अर्धा मालकाला करावा लागतो. हा अर्धबद्ध प्रश्न.

तिसरा प्रसंग. तोच दुकानदार अकस्मात् वारतो. मागें त्याची विधवा व दोन शिकणारीं मुलें. बाकी साठ हजार. ती मागावयाचा व्यापाऱ्यास हक्क आहे. ती सोडावी, तर त्या रकमेंत भागीदाराचाहि वांटा आहे आणि तो सोडण्याचा अधिकार एकट्याचा नाहीं. अर्धी सोडावी, तर तीं माणसें जन्मभर मिंधीं राहतील काय? थोरल्या मुलास दुकानांत कामावर घ्यावें आणि पगारांतून वळती करावी, हा मार्ग दयेचा दिसतो. पण त्यामुळें त्याचें शिक्षण कायमचें तुटलें तर? येथें उत्तराचीच काय, प्रश्नाचीहि खात्री नाहीं. तो पैशाचा आहे, कीं वीस वर्षांच्या ऋणानुबंधाचा, कीं एका मुलाच्या भविष्याचा? ज्या दृष्टीनें पाहावें, त्या दृष्टीनें तो निराळा दिसतो. हा मुक्त प्रश्न.

निर्णयांप्रमाणें माहितीच्याहि तीन जाती आहेत. रोजकीर्द ही बद्ध माहिती. प्रत्येक आंकड्याची जागा ठरलेली. व्यापाऱ्याचें पत्र ही अर्धबद्ध. वर तारीख, गांव, मालाचा तपशील, आणि खालीं कोठें तरी 'घरीं आजारपण आहे, थोडें सांभाळून घ्यावें' अशी एक ओळ. गादीवर बसून चहाबरोबर झालेलें बोलणें ही मुक्त माहिती. मुनीम पत्रांतील तपशील वहींत उतरवितो. त्या एका ओळीला मात्र वहींत रकाना नसतो. ती वाचणाऱ्याच्या मनांत राहिली तर राहिली, नाहीं तर हरवली. वर्षअखेर हिशेब पाहणाऱ्यास ती दिसत नाहीं. असें वर्षानुवर्षें झालें म्हणजे जें रकान्यांत नाहीं तें जगांतच नाहीं, असें वाटूं लागतें. हा दोष वहीचा नव्हे. वहीनें सर्व सांगितलें असें मानणाऱ्याचा तो दोष आहे.

या तीन वर्गांमधील सीमा कायमच्या आंखलेल्या नाहींत, हेंहि लक्षांत ठेवलें पाहिजे. एके काळीं कापड 'हातानें' मोजलें जाई, आणि हात कोणाचा, हा भांडणाचा विषय होऊं शकत असे. गांवोगांवचीं वजनें व मापें निराळीं होतीं. स्वतंत्र भारतांत १९५६ सालीं प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला, १९५७ च्या १ एप्रिलपासून दशमान नाणीं चालूं झालीं, आणि पाहतां पाहतां मोजमापाची गोष्ट वादाच्या प्रांतांतून हिशेबाच्या प्रांतांत गेली. गरीब गिऱ्हाइकाची ही केवढी सोय झाली, याची कल्पना आज येणें कठीण आहे.

यापेक्षांहि बोलकें उदाहरण गांधीबागेपासून फारशा दूर नसलेल्या एंप्रेस मिलचें आहे. १८७४ सालीं जमशेटजी टाटांनीं कंपनी काढली आणि मुंबई सोडून नागपूर निवडलें. कापूस जवळ, आगगाडी जवळ. पण घेतलेली जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. एका स्थानिक सावकारानें भांडवल देण्याचें नाकारलें. जमशेटजी सोनें मातींत घालीत आहेत, असें तो म्हणाला. १८७७ च्या १ जानेवारीस गिरणी सुरू झाली व फळास आली, तेव्हां त्यांनीं माती घालून सोनें काढलें अशी कबुली त्याच सावकारानें दिली, असें चरित्रकार सांगतात. ही गोष्ट सावकाराचा मूर्खपणा दाखविण्यासाठीं सांगितली जाते. तें बरोबर नाहीं. त्याच्या वहींतील नोंदींवरून त्यानें काढलेलें अनुमान चुकीचें नव्हतें. त्याचा प्रश्नच त्या वहींत बसणारा नव्हता. आणि आज त्या गिरणीचे चाते थांबलेले आहेत. तेव्हां सोनें खरें कीं माती खरी, याचें अखेरचें उत्तर एवढ्या काळानंतरहि सांगतां येत नाहीं. मुक्त प्रश्नाचा स्वभावच असा आहे.

परंतु याच गिरणीच्या इतिहासांत आणखी एक गोष्ट आहे, आणि नीतीच्या दृष्टीनें ती अधिक महत्त्वाची आहे. १८८६ सालीं तेथें कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि निघाला आणि १८९५ सालीं अपघाताच्या भरपाईचा. त्या काळीं यंत्रांत हात सांपडलेल्या मजुरास कांहीं द्यावें कीं नाहीं, हा मालकाच्या मनाचा प्रश्न होता. कोणताहि कायदा त्यास बांधीत नव्हता. १९२३ सालीं कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि जें कालपर्यंत औदार्य होतें तें आज देणें झालें. कांहीं माणसांनीं मुक्त प्रश्न प्रामाणिकपणें सोडविला, म्हणून पुढील पिढीस तो बद्ध स्वरूपांत मिळाला. यावरून नियमाचें खरें स्वरूप कळतें. नियम ही पूर्वींच्या विवेकानें मागें ठेवलेली पुंजी आहे. ज्यास स्वतः विवेक करावयास सवड, शक्ति किंवा इच्छा नाहीं, त्याच्याकडूनहि न्याय घडावा, अशी ती व्यवस्था आहे.

म्हणून नियमांची टवाळी करणाऱ्या लेखकांत प्रस्तुत लेखक सामील होऊं इच्छीत नाहीं. शिधापत्रिकेवर किती धान्य मिळावें, रांगेंत कोणाचा नंबर आधीं, प्रवेशपरीक्षेंत कोणास जागा, हे प्रश्न बद्ध आहेत व ते बद्धच राहिले पाहिजेत. 'प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करूं' हे शब्द अशा ठिकाणीं उदात्त वाटतात. पण त्यांचा अर्थ बहुधा ओळखीच्या माणसाचा आधीं विचार करूं, असाच होतो. ज्याच्यापाशीं वशिला नाहीं, पैसा नाहीं, नीट बोलण्याची कला नाहीं, त्याचा एकच आधार म्हणजे सर्वांस सारखा लागू असलेला नियम. बद्ध प्रश्नास मुक्त करणें हा या बाबतींतला पहिला अनाचार होय. आणि त्याचें नांव आपण सर्व जाणतों.

दुसरा अनाचार याच्या उलट आहे, आणि तो सज्जनांकडून घडतो, म्हणून ओळखूं येत नाहीं. तो म्हणजे मुक्त प्रश्नास बद्ध समजणें. महाभारताच्या कर्णपर्वांत कौशिक नांवाच्या ब्राह्मणाची कथा आहे. सदा सत्य बोलावें हें त्याचें व्रत. लुटारूंच्या भयानें कांहीं माणसें त्याच्या डोळ्यांदेखत रानांत शिरलीं. मागून आलेल्या लुटारूंनीं विचारलें, तेव्हां त्यानें खरें तें सांगितलें. माणसें मारलीं गेलीं आणि कौशिक नरकास गेला. ही कथा श्रीकृष्णानें अर्जुनास सांगितली, ती कोणत्या वेळीं? 'गांडीव दुसऱ्यास दे' असें म्हणणाऱ्याचा वध करीन, या आपल्या प्रतिज्ञेस जागण्यासाठीं अर्जुन धर्मराजावर तरवार घेऊन धांवला तेव्हां. दोघांचाहि नियम चांगला होता. आपल्यापुढें उभा असलेला प्रश्न नियमाच्या बाहेरचा आहे, एवढेंच त्यांस दिसलें नाहीं. टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्यांत 'कर्मजिज्ञासा' या नांवाचें एक सबंध प्रकरण अशा धर्मसंकटांच्या विचारास दिलें आहे, हें वाचकांस आठवत असेलच.

कौशिकाची कथा पुराणी झाली असें कोणास वाटत असेल, तर त्यानें गांधीबागेंतलें कापड ज्या कपाशीपासून येतें, तिच्या शेतांकडे पाहावें. विदर्भांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचें दुःख सर्वश्रुत आहे. अशा कुटुंबास एक लाख रुपयांचें साहाय्य द्यावें, त्यांपैकीं तीस हजार तांतडीनें व सत्तर हजार ठेवीच्या रूपानें, असें महाराष्ट्र शासनानें २००६ सालीं ठरविलें. साहाय्य कोणास द्यावयाचें याच्या कसोट्या आल्या. कुटुंबाच्या नांवें शेतजमीन असावी. कर्ज बँकेचें, सहकारी संस्थेचें किंवा परवाना असलेल्या सावकाराचें असावें. तें थकलेलें असून त्याचा तगादा लागलेला असावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें कागदपत्रें पाहावयाचीं आणि प्रकरण 'पात्र' कीं 'अपात्र' हें ठरवावयाचें.

आतां समजा, एकानें दुसऱ्याचें शेत मक्त्यानें केलें होतें. सातबारा त्याच्या घरच्या कोणाच्याहि नांवाचा नाहीं. दुसऱ्यानें बियाण्यासाठीं नात्यांतल्या माणसाकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून पैसे घेतले होते. कागद नाहीं, पण रोज दाराशीं माणूस उभा राहत होता. दोन्ही प्रकरणें कसोटींस उतरत नाहींत. समितीच्या सभासदांस दोष देणें सोपें आहे व अन्यायाचेंहि आहे. सार्वजनिक पैसा वांटावयाचा म्हणजे कसोटी हवीच; ती नसती तर तो पैसा भलत्याच घरीं गेला असता. तेव्हां रक्कम किती आणि कोणास, हा प्रश्न बद्ध करण्यांत चूक झाली असें नव्हे.

चूक आहे ती याच्या पुढें. एक माणूस कां मेला, त्याच्या मागें राहिलेल्या बाईला या घटकेस काय हवें आहे, पोरांची शाळा कशी चालेल, पुढच्या मृगांत शेत कोण पेरील, हे प्रश्न मुक्त आहेत. पहिल्या प्रश्नाच्या कागदावर शिक्का पडला कीं दुसरे सर्व प्रश्नहि निकालांत निघाले, असें आपण धरून चालतों. समितीस इतकेंच म्हणावयाचें असतें कीं, हें प्रकरण अमुक कसोट्यांत बसत नाहीं. घरांतल्या माणसांस ऐकूं येतें तें असें कीं, तुमचा माणूस अपात्र, तुमचें दुःख अपात्र. विशेषण कागदास लावलेलें असतें. तें मृतास जाऊन चिकटतें. आणि वर्षाअखेर जेव्हां संख्या छापल्या जातात, तेव्हां तो माणूस शेतीच्या दुःखानें मेला होता हेंहि हिशेबांत राहत नाहीं. रकान्यांत न मावलेली ओळ वहींतून गळते, असें वर म्हटलें, त्याचा अर्थ येथें कळतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. जेथें माणसाच्या मर्जीस वाव, तेथें लांचलुचपत व पक्षपात आलाच. तेव्हां कठोर नियमानें होणारा थोडा अन्याय पत्करावा, पण विवेकाच्या नांवाखालीं होणारा मोठा अन्याय नको. या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. पण तो विवेक आणि मर्जी या दोन गोष्टी एकच समजतो. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत एक सुंदर दृष्टांत दिला आहे. लेसबॉस बेटांतील गवंडी शिशाची मोजपट्टी वापरीत. लोखंडी पट्टीप्रमाणें ती दगडास आपल्यासारखें सरळ होण्यास सांगत नसे. दगडाच्या आकाराप्रमाणें स्वतः वळे. पण ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, तीहि मोजपट्टीच होती. गवंड्याच्या इच्छेनें ती वळत नसे, दगडाच्या आकारानें वळे. मर्जी ठरविणाऱ्याकडे पाहून वळते. विवेक समोरच्या वस्तुस्थितीकडे पाहून वळतो. दोहोंतील भेद हा आहे, आणि तो बाहेरून तपासतांहि येतो.

तो कसा तपासावा? ज्यानें निर्णय दिला त्यानें कारणें सांगितलीं काय? तीं चार माणसांत सांगण्यासारखीं आहेत काय? ज्याच्याविषयीं निर्णय झाला त्याचें म्हणणें त्याच्याच तोंडून ऐकलें गेलें काय? नवी गोष्ट कळल्यास पुन्हां विचार करण्याचें दार उघडें आहे काय? आणि शेवटीं, 'हा निर्णय माझा' असें म्हणणारा कोणी एक माणूस आहे काय? शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. बद्ध प्रश्नाचें उत्तर कोणाचेंहि नसतें. पांच गुणिले सात पस्तीस, यास कोणी जबाबदार नाहीं. म्हणूनच भित्र्या माणसास मुक्त प्रश्नाला बद्ध ठरविण्याचा मोह पडतो. 'नियमांत बसत नाहीं' हें वाक्य जितक्या वेळां नियमाच्या आदरानें उच्चारलें जातें, त्याहून अधिक वेळां तें स्वतःचें नांव निर्णयाखालीं येऊं नये म्हणून उच्चारलें जातें.

हा मोह हल्लीं अधिक सुलभ झाला आहे. कर्ज मागणाऱ्याची पत तीनशें ते नऊशें यांच्या दरम्यानच्या एका आंकड्यानें सांगण्याची पद्धत आतां आपल्या देशांत रुळली आहे. गादीवरच्या मालकानें उधारीचा जो अर्धा निर्णय स्वतः केला असता, त्याऐवजीं आतां आंकडा पुढें येतो. आंकडा तोंड पाहत नाहीं, जात विचारीत नाहीं, हा त्याचा मोठा गुण आहे व तो मान्य केलाच पाहिजे. पण आंकड्यानें अर्धबद्ध प्रश्नाचा बद्ध भाग अधिक चांगला सोडविला, म्हणून उरलेला अर्धा भाग नाहींसा होत नाहीं; तो केवळ कोणाच्याहि अंगावर राहत नाहीं. यंत्रास उत्तर विचारावें. प्रश्न कोणत्या जातीचा आहे, हें मात्र त्यास विचारूं नये. तें सांगण्याची जबाबदारी माणसाचीच आहे.

आणि ही जबाबदारी केवळ कचेऱ्यांची व पेढ्यांची आहे, असें समजून सुशिक्षित कुटुंबांनीं स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. मुलाला नव्वद टक्के गुण पडले म्हणजे त्यानें कोणती शाखा घ्यावी हा प्रश्न आपणांस सुटलेला वाटतो. त्याला काय आवडतें हें कोणी विचारीतच नाहीं, कारण गुणपत्रिकेंत तो रकाना नाहीं. स्थळ पाहतांना पगार, उंची, शिक्षण यांचे रकाने भरले कीं मुलीच्या सुखाचा विचार पुरा झाला असें वाटतें. भावाभावांत वांटणी सारखी झाली कीं न्याय झाला. आईचें दुखणें वर्षानुवर्षें कोणी काढलें, हें खातेफोडीच्या कागदांत नसतें. उलट घरकामाच्या बाईची रजा व पगार यांसारख्या ज्या गोष्टी आधीं ठरवून नियमानें पाळाव्यात, त्या मात्र आपण मोठ्या मनानें मर्जीवर ठेवतों आणि तिला दर वेळीं हात पसरावयास लावतों. दोन्ही अनाचार एकाच घरांत, एकाच दिवशीं घडतात. आणि ते करणारीं माणसें वाईट नसतात.

मनुस्मृतीनें धर्माचीं लक्षणें सांगतांना श्रुति, स्मृति व सदाचार यांच्याबरोबर ज्यानें स्वतःच्या अंतःकरणास समाधान होतें तेंहि एक लक्षण मानलें आहे. पहिलीं तीन असतांना चौथें कां हवें होतें? बहुधा यासाठीं कीं, पहिलीं तीन जेथें संपतात तेथें माणूस संपत नाहीं. नियमाचा गज हातीं असावा. तो सरळ असावा. आणि ज्याचें त्यास मोजून देतांना तो तसूभरहि वांकूं नये. पण ज्या वस्तूस लांबीच नाहीं ती मोजावयास तोच गज पुढें करणें, आणि माप आलें नाहीं म्हणून ती वस्तुच नाहीं असें म्हणणें, हा प्रामाणिकपणा नव्हे. तेथें गज बाजूस ठेवून समोरच्या माणसाचें ऐकून घ्यावें लागतें, जें ठरेल तें आपल्या नांवानें सांगावें लागतें, आणि तें चुकण्याचा धोकाहि पत्करावा लागतो.